विचारा तर खरं : फ्रेडो पुढे कुठे गेला?

प्रश्न : परवा गॉडफादर परत बघितला. त्यातला मधला भाऊ फ्रेडो झालेला नट नंतर कुठे दिसल्याचं आठवत नाही. काम मिळालं नाही का त्याला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नट जॉन कझेल. काम मिळत होतं हो, पण मार्च १९७८ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला, वय फक्त ४२. जन्म १९३५ चा, बॉस्टनजवळच्या रिव्हिअर गावचा. पिक्चर सगळे मिळून ५: द गॉडफादर (१९७२), द कॉन्व्हर्सेशन आणि गॉडफादरचा दुसरा भाग (दोन्ही १९७४), डॉग डे आफ्टरनून (१९७५), आणि द डिअर हंटर, जो तो गेल्यावर रिलीज झाला. पाचही पिक्चरना बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन होतं आणि तिघांना ऑस्कर मिळालं, हे क्विझवाल्यांचं लाडकं वाक्य. मला त्याचा कंटाळा आलाय, कारण ऐकून माणूस नशीबवान होता एवढंच कळतं, काम काय करायचा ते काहीच नाही.

ते बघायचं तर पहिल्या भागात बापावर फळवाल्यासमोर गोळ्या झाडतात तो सीन लावा. फ्रेडो गाडीतून धडपडत उतरतो, पिस्तूल हातात नीट धरताच येत नाही, तेही हातातून निसटतं, आणि मग गडी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडायला लागतो. डायलॉग जवळपास नाहीच. दुसऱ्या भागात तो आरामखुर्चीत रेललेला असतो, धाकटा भाऊ समोर उभा आणि बाहेर बर्फ. मी पण हुशार आहे, मला डावललं असं ओरडताना त्याला उठायचं असतं पण ती खुर्ची त्याला उठू देत नाही, हात हवेत फिरतात आणि तो परत मागे पडतो. मी हा सीन किती वेळा पाहिला असेल देव जाणे, दर वेळी वाटतं आता तरी उठेल. (पुढे होडीत काय होतं ते सांगून टाकू का? पन्नास वर्षं झाली, स्पॉयलर कसला. पण जाऊ दे, कोणीतरी नवीन असेल.)

प्रश्न : कझेलनं एका नाटकात भारतीय माणसाचं काम केलं होतं म्हणे. खरं की थाप? (पुणे)

उत्तर : खरं. इस्राएल होरोविट्झ यांचं द इंडियन वॉन्ट्स द ब्रॉन्क्स, १९६८, न्यूयॉर्क. रात्रीचा बसस्टॉप, गुप्ता नावाचा माणूस मुलाच्या घराचा रस्ता चुकलाय, इंग्रजी येत नाही, बोलतो ती फक्त हिंदी, आणि दोन टवाळ पोरं त्याला आधी चिडवतात मग छळतात. त्या दोघांतला एक अल पचिनो, म्हणजे पुढे गॉडफादरमधला धाकटा भाऊ झालेला नट. शेवटी टेलिफोनची वायर कापलेली असते आणि गुप्ता रिसीव्हर हातात धरून उभा. कझेल आणि पचिनो दोघांनाही ओबी अवॉर्ड (न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे नाटकांचं बक्षीस) मिळालं. आता गोऱ्या नटानं गुप्ता करायचा म्हटलं तर लोक चांगलंच सुनावतील, आणि बरोबरच आहे ते. पण समोरच्याला आपलं बोलणंच कळत नाही ही गत त्यानं फ्रेडोच्या आधी इथे करून पाहिली होती, हे मला त्या नाटकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि हो, पचिनोशी ओळख त्याआधीची, दोघं स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप पोचवणारे पोऱ्ये होते.

प्रश्न : त्याला स्वतःला ऑस्कर? (नाशिक)

उत्तर : नाही, साधं नॉमिनेशनसुद्धा नाही. डॉग डे साठी गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन होतं, बस.

प्रश्न : मेरिल स्ट्रीपशी त्याचं लग्न झालं होतं का? आणि डी नीरोनं त्याचे पैसे भरले ते खरं का? (बडोदा)

उत्तर : लग्न नाही, एकत्र राहायचे. १९७६ ला सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरच्या मेझर फॉर मेझरमध्ये दोघं होते, तिथून सुरू झालं. डिअर हंटरच्या वेळी आजार कळलेला होता, असल्या माणसाचा इन्शुरन्स कोण काढणार, स्टुडिओला तो नकोच होता. तेव्हा डायरेक्टर मायकल चिमिनोनं कझेलचे सीन आधी उरकून घेतले, आणि इन्शुरन्सचे पैसे त्या पिक्चरचा हिरो रॉबर्ट डी नीरोनं भरले असं स्ट्रीपनंच सांगितलंय. पिक्चरमध्ये शिकारीला जाताना हा पठ्ठ्या बूटच विसरून येतो, डी नीरोकडे मागतो आणि डी नीरो देत नाही. मागची गोष्ट माहीत असली की हा सीन बघताना कसंतरीच होतं. शेवटपर्यंत त्याच्याजवळ स्ट्रीप होती.

प्रश्न : एकच बघायचा तर कुठला? (कोल्हापूर)

उत्तर : गॉडफादर झालाच असेल, तेव्हा डॉग डे. ब्रुकलिनमध्ये १९७२ ला खरोखर पडलेल्या बँक दरोड्यावर आहे. पचिनो एक दरोडेखोर, आणि कझेल त्याचा साथीदार, नाव साल. खरा साल १८ वर्षांचं पोरगं होतं, कझेल तेव्हा चाळिशीला टेकलेला, डायरेक्टर सिडनी ल्युमेटला पटेना, पण पचिनो हटून बसला आणि ऑडिशन झाल्यावर ल्युमेटनं घेतलं. बँकेत अडकलेले असताना पचिनो विचारतो, पळून कुठल्या देशात जायचं तुला? साल अगदी विचार करून सांगतो, वायोमिंग. आता वायोमिंग हे अमेरिकेतलंच राज्य. हा शब्द स्क्रिप्टमध्ये नव्हता, कझेलनं जागेवर टाकला. पुढे पचिनोचं तोंड बघा. आणि सबटायटल लावा, साल फार हळू बोलतो, नाहीतर नेमकं हेच हुकेल.