रिकामा डबा परत का करायचा नाही?

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

सहाव्या मजल्यावरच्या मकचिकचा, म्हणजे त्या मलय मुसलमान शेजारीण मावशीचा, डबा काल तुझ्या हातात दिला, तर तू झाकण उघडून बघितलंस. आत बेसनाचे लाडू. "तिनं केक दिला म्हणून आपण लाडू द्यायचे, मग ती पुन्हा काहीतरी देणार. हे संपणार कधी? रिकामा डबा परत केला तर काय होईल?" असं म्हणून डबा ओट्यावर ठेवलास. आणि जाता जाता दुसरंच विचारलंस. वर्गातली एक मैत्रीण म्हणते, वेगवेगळ्या वंशाधर्माची माणसं मनापासून एकत्र राहूच शकत नाहीत, धाकानं गप्प बसतात, हे खरं का? माझी फोडणी करपत होती, "नंतर सांगते" म्हणाले. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. घरात काहीच नसलं तर आजी त्यात चमचाभर साखर घालायची. का, विचारलं तर "तसं करू नये गं" एवढंच उत्तर. मला ते फार उशिरा कळलं.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा, १९९२ च्या डिसेंबरात आणि ९३ च्या जानेवारीत, मुंबईत हिंदू-मुसलमानांच्या दंगली झाल्या. नऊशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या चाळीत रोज पहाटे सायकलवरून एक मुसलमान पाववाला यायचा. त्याच्या घंटीनं आम्ही उठायचो. दंगलीनंतर तो आलाच नाही. मोठी माणसं हळहळली, पण त्याला शोधायला कोण जाणार? तो राहतो कुठे, घरी कोण कोण असतं, चाळीत एकालाही ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं आमच्या दारात येणारा माणूस, आणि त्याचं दार आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. अजून मला त्याची आठवण आली की पोटात कसंतरी होतं.

आपण राहतो ते सिंगापूरही एके काळी असंच होतं. चिनी वस्ती वेगळी, मलयांची कांपोंग म्हणजे खेडी वेगळी, भारतीयांचे भाग वेगळे. २१ जुलै १९६४ ला पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत मलय आणि चिनी लोकांची जुंपली, तेवीस माणसं मेली. सप्टेंबरात पुन्हा दंगल, आणखी तेरा गेली. दरवर्षी २१ जुलैच्या सुमारास वांशिक सलोखा दिनाला तू परकर-पोलकं घालून शाळेत जातेस ना, ती तारीख तिथून आली आहे.

१९८९ साली सरकारनं सरकारी घरांसाठी नियम केला. आज तो असा आहे: एका इमारतीत चिनी घरं ८७ टक्क्यांच्या वर नाहीत, मलय २५, आणि भारतीय व इतर मिळून १५. मर्यादा भरली की त्या गटाच्या माणसाला तिथे फक्त आपल्याच गटातल्या माणसाकडून घर घेता येतं. हा नियम जाचक आहे. घर विकायचं झालं तर हवं त्याला विकता येत नाही, आणि अल्पसंख्याकांना त्यामुळे कधी कमी किमतीवर समाधान मानावं लागतं. तरीही मी त्याच्या बाजूची आहे. नियमानं प्रेम उत्पन्न होत नाही, पण मकचिक आणि मी एका लिफ्टमध्ये आलो त्या नियमामुळे. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, एका आठवड्यात मलय लग्नाचे कोंपांग नावाचे डफ वाजतात, पुढच्या आठवड्यात तिथेच चिनी आजोबांची अंत्ययात्रा निघते. कुणाच्या घरी आनंद आहे आणि कुणाच्या दुःख, हे कळल्यावाचून राहतच नाही.

तुझी मैत्रीण अगदी चुकीचं बोलत नाही. धाक आहे इथे. धर्माधर्मांत द्वेष पसरवला तर कायदा सोडत नाही. आणि अपमानही होतो. तू पोटात होतीस तेव्हा आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. एका दलालानं फोनवरच सांगितलं, मालकाला भारतीय भाडेकरू नकोत, मसाल्याचा वास भिंतींना बसतो. बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पण त्याच्या आधीच्या वर्षीची, २०११ ची गोष्टही ऐक. चीनहून नव्यानं आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय घरातल्या करीचा वास सहन होईना. मध्यस्थांपुढे तडजोड झाली: ते घरी नसतील तेव्हाच करी शिजवायची, आणि त्यांनी ती एकदा चाखून बघायची. ही तडजोड काही वर्षांपूर्वीची, पण त्या वर्षी ती पेपरात छापून आली आणि लोक खवळले. २१ ऑगस्टच्या रविवारी हजारो घरांत मुद्दाम करी शिजली, त्यात इथल्या चिनी लोकांचीही घरं होती. आम्ही नुकतेच आलो होतो. मी खिडक्या सताड उघड्या टाकून आमटीला हिंगाची फोडणी दिली. धाकानं गप्प बसणारी माणसं असं करत नाहीत, ओवी. आणि चिनी लोक तीन चतुर्थांश असलेल्या या देशानं २०२३ मध्ये तमिळ वंशाच्या थर्मन षण्मुगरत्नमना सत्तर टक्के मतं देऊन राष्ट्राध्यक्ष केलं, तेही धाकानं नव्हे.

मागे तू म्हणाली होतीस की सगळे एकसारखे झाले तर भांडणच उरणार नाही. अलिबागला गेलो की तुला इस्रायल आळी दाखवीन. तिथले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांनी शनिवार सोडला नाही, आणि मराठी इतकी आपली केली की इस्रायलला जाऊन तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढलं. शनिवार सोडा, असं कोकणानं त्यांना कधी म्हटलं नाही. याचा मला फार अभिमान वाटतो.

मुंबईत पाववाल्याचं भांडं आमच्याकडे कधी आलं नाही, आमचं त्याच्याकडे गेलं नाही. मकचिकचा डबा मात्र आठ वर्षं वरखाली फिरतोय. मला कोविड झाला तेव्हा तिनं दाराला भाताची पेज लटकवली होती, ती याच डब्यातून.

तो अजून ओट्यावरच आहे. सकाळी शाळेत जाताना सहाव्या मजल्यावर उतर. लाडू साजूक तुपातले आहेत, दुसरी कसली चरबी नाही, हे आठवणीनं सांग. ती दर वेळी विचारते.

तुझी,
आई