किती डिग्री, हा प्रश्न जरा बाजूला ठेव

प्रिय मुली,

तुझं लांबलचक पत्र मिळालं, दोनदा वाचलं. एमएस्सीनंतर ध्रुवावरच्या किड्यांवर आणि कोळ्यांवरच काम करायचंय हे तू इतक्या ठामपणे लिहिलंयस की मला खूप बरं वाटलं, खरंच. पण एक गोष्ट खटकली. कुठला किडा उणे किती डिग्रीपर्यंत जगतो याचा आख्खा तक्ता तू केलायस, आणि तो कितीही मेहनतीचा असला तरी त्यातून किडा दिसत नाही गं. पाणी कुठे जातं आणि उन्हाळ्याचे मोजके दिवस तो कशात घालवतो, हे दोन प्रश्न आधी धर.

बेल्जिका अंटार्क्टिका घे. १८९७ ते १८९९ च्या बेल्जिका जहाजाच्या मोहिमेत एमिल राकोविता यांना सापडलेली ही बिनपंखी माशी, आख्ख्या अंटार्क्टिकात कायम जमिनीवर राहणारा सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे ही, आणि लांबी दोन ते सहा मिलिमीटर! (पेंग्विन आणि सील समुद्रावर जगतात, म्हणून ते यात धरत नाहीत.) ती सापडते अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला, आपलं भारताचं मैत्री स्टेशन आहे तिकडे नाही, तुझ्या नकाशात ते चुकलंय, दुरुस्त कर. आणि तिथल्या मुख्य भूमीवर मूळचा कोळी एकही नाही, त्यामुळे कोळ्यांसाठी तुला उत्तरेकडेच जावं लागणार.

तर या माशीची अळी दोन हिवाळे काढते आणि मोठी झाल्यावर जेमतेम आठवडा-दहा दिवस जगते. बर्फाखाली मॉसमध्ये ती असते तिथे हवेइतकी थंडी पोचतच नाही, वरचा बर्फ गोधडीसारखं काम करतो, बहुतेक शून्य ते उणे पाचच्या मधे. खरी अडचण पाण्याची. फ्रीजरमध्ये मटारची पिशवी उघडी राहिली की दाणे सुकून सुरकुततात ना, तसंच आजूबाजूचा बर्फ अळीच्या अंगातलं पाणी ओढून घेतो आणि ती ओढू देते, द्राक्षाचा बेदाणा व्हावा तशी आक्रसते. अंगातलं सत्तर टक्क्यांपर्यंत पाणी गेलं तरी ती जगते. पाणीच उरलं नाही तर गोठणार काय? शिवाय अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर आणि ग्लिसरीन असतं, तेच ग्लिसरीन जे आपण थंडीत टाचांना लावतो. २०१४ मध्ये तिचा जीनोम, म्हणजे आख्खा डीएनए, वाचला तर तो फक्त ९.९ कोटी अक्षरांचा निघाला, माणसाचा ३०० कोटींच्या आसपास असतो. मला या माशीबद्दल वाचताना अजून अंगावर काटा येतो.

आता तुझ्या तक्त्यात न बसणारी गोष्ट. २०२२ मध्ये एक प्रयोग छापून आला, अळ्या सहा महिने उणे पाच, उणे तीन आणि उणे एक अशा तीन तापमानांना ठेवल्या, आणि उणे एकवाल्या, म्हणजे सगळ्यात उबेतल्या, कमी जगल्या, कारण उबेत शरीर चालू राहतं, साठवलेली चरबी जळत राहते आणि वसंत येईपर्यंत शिदोरी संपते. तिला थंडी हवी असते. हे पटलं की बाकीचं वाचन वेगळंच दिसायला लागतं बघ.

उत्तरेकडे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर एक केसाळ सुरवंट आहे, गायनेफोरा ग्रोएनलँडिका. हा मात्र सरळ गोठतो, दगडासारखा, उणे सत्तरपर्यंत टिकल्याची नोंद आहे. पतंग व्हायला त्याला सात वर्षं लागतात (आधी चौदा समजायचे). जूनमध्ये तो बुटक्या विलोची कोवळी पानं खातो, पण खाण्यापेक्षा ऊन खात बसण्यातच जास्त वेळ जातो, सूर्याकडे अंग करून, केसांमुळे आतलं अंग हवेपेक्षा बरंच गरम होतं. आणि जूनच्या शेवटी, चांगलं ऊन असताना, तो खाणं थांबवून रेशमाचं घरटं विणून आत जातो! का, तर तोवर पानं निकस झालेली असतात आणि त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या नि माश्या फिरायला लागलेल्या असतात. म्हणजे कधी थांबायचं हे थंडी ठरवत नाही, शत्रू आणि पानं ठरवतात.

मी हिमाद्रीला, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या आपल्या संशोधन केंद्रात, एक उन्हाळा काढला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॉसचा एक तुकडा उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये झटकला, आधी काहीच दिसेना, मग धूळ हलायला लागली, स्प्रिंगटेल, म्हणजे सहा पायांचे इवले उड्या मारणारे जीव (ते आता कीटकांत धरत नाहीत), आणि त्यांच्यामागे मोहरीएवढा काळा कोळी, लिनिफिडी कुळातला, स्वालबार्डचे बहुतेक कोळी त्याच कुळातले. पाठीमागे अस्वलासाठी बंदूक घेतलेला सोबती उभा, गावात वायफाय-ब्लूटूथ बंद, आणि मी तासभर त्या ट्रेवर वाकलेली. स्प्रिंगटेल हिवाळ्याआधी पोट रिकामं करतात, कारण आतल्या अन्नाच्या एका कणाभोवतीही बर्फ धरायला सुरुवात होते, तसा कण नसला की पाणी शून्याखालीही पातळ राहू शकतं. स्वच्छ पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये न हलवता ठेव, कधी कधी उणे काही डिग्रीलाही पातळच राहते आणि टेबलावर आपटली की क्षणात गोठते. घरी करून बघ, वाचून नाही कळत ते.

कोळ्यांवर करायचं असेल तर ग्रीनलंडच्या झाकनबर्ग संशोधन केंद्राचं काम नीट वाच. तिथे १९९६ पासून दर उन्हाळ्यात जमिनीत पेले पुरून त्यात पडलेले प्राणी जपून ठेवतात, आणि पुढे कोणीतरी त्यातल्या पार्डोसा ग्लेसिआलिस या लांडगाकोळ्याच्या माद्यांच्या अंडपिशव्या उघडून पिल्लं मोजत बसलं. त्यातून २०२० मध्ये कळलं की बर्फ लवकर वितळतो त्या वर्षी काही माद्या एका उन्हाळ्यात दुसऱ्यांदा अंडी घालतात. पेले पुरणाऱ्या माणसांना हा प्रश्न तेव्हा माहीतही नव्हता गं.

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या जाहिराती बघत राहा, पण तोवर रिकामी बसू नको. घरामागच्या पडीक जागेत तीन पेले पूर, काठ जमिनीच्या बरोबर आणि वर पावसाचं झाकण, दर रविवारी रिकामे कर, कोळी वेगळे काढ, कुळापर्यंत ओळखायला शीक, मला दर महिन्याला वहीचा फोटो पाठव. आणि बाटलीत टाकायचं लेबल पेन्सिलनेच लिही, अल्कोहोलमध्ये पेनाची शाई पसरते आणि मग तारीख वाचता येत नाही.

तुझी,
मॅडम