कंटेंट-बेस्ड राउटिंग की काफ्का?

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सरांनी ‘पब्लिश-सबस्क्राइबमधलं कंटेंट-बेस्ड राउटिंग’ सुचवलंय. मैत्रिणी म्हणतात, त्यापेक्षा काफ्का शिक, नोकरी लागेल. काय करू?

उत्तर: विषय घे. पब्लिश-सबस्क्राइबमध्ये पाठवणारा (पब्लिशर) मेसेज सोडतो आणि मागणी नोंदवलेल्यांना (सबस्क्रायबर) तो मिळतो; कोणाला द्यायचा हे मेसेजमधला मजकूर बघून ठरवणं म्हणजे कंटेंट-बेस्ड राउटिंग. मात्र याच नावाची नोकरी शोधत बसू नकोस, मिळणार नाही. जाहिरातीत ‘बॅकएंड’ किंवा ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ लिहिलेलं असतं आणि हे काम त्याच्या पोटात असतं.

काफ्काचं म्हणशील, तर मेसेज पोचवणाऱ्या या सिस्टिमचा ब्रोकर (मधला सर्व्हर) मेसेजमधला मजकूर बघून वाटप करत नाही. कन्झ्युमर (मेसेज घेणारा) टॉपिकमधलं, म्हणजे मेसेजच्या एका कप्प्यातलं, सगळं ओढून घेतो आणि नको ते स्वतःच टाकून देतो. दहा हजार जणांच्या दहा हजार अटी असतील, तर टॉपिक किती करणार? तुझा विषय इथून सुरू होतो. काफ्का वापरायला शीकच, पण ते प्रोजेक्टच्या जोडीनेही जमेल.

सुरुवातीला नेटवर्क नको, एकच प्रोसेस. मेसेज म्हणजे सपाट जेसन (फील्डचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या): प्रकार, दर, नग. सबस्क्रिप्शन म्हणजे ‘आणि’ने जोडलेल्या दोन-चार अटी. आधी प्रत्येक सबस्क्रिप्शन तपासणारा साधा लूप लिही; तुलना त्याच्याशीच करायची आहे. मग मोजणीची पद्धत: प्रत्येक फील्डसाठी अटींचा इंडेक्स, अट खरी ठरली की त्या सबस्क्रिप्शनचा काउंटर एकने वाढवायचा, काउंटर अटींच्या संख्येइतका झाला की जुळलं. एकच अट हजार जणांची असली तरी ती एकदाच तपासली जाते, फायदा तिथे आहे. पण दर मेसेजला लाखभर काउंटर शून्य करत बसलीस, तर तो फायदा तिथेच जिरतो. काउंटरशेजारी मेसेजचा क्रमांक ठेव. क्रमांक जुना दिसला की काउंटर शून्य समजायचा. 1,000, 10,000 आणि 1,00,000 सबस्क्रिप्शनवर दोन्ही पद्धतींचा वेळ टिपून ठेव.

पुढे अ, ब, क असे तीन ब्रोकर एका ओळीत जोड. पब्लिशर अ-कडे, सबस्क्रायबर क-कडे. एकाला ‘दर > 100’ हवं, दुसऱ्याला ‘दर > 200’. पहिल्या अटीत दुसरी सामावते, म्हणून क फक्त पहिलीच पुढे कळवतो. आता पहिल्याने सबस्क्रिप्शन काढून घेतलं. क-ने तेवढंच पुढे कळवलं, तर दुसऱ्याचे मेसेज बंद पडतात आणि लॉगमध्ये एक एररही दिसत नाही! आधी दुसरी अट पुढे पाठवायची, मगच पहिली काढायची. ही टेस्ट कोड लिहिण्याआधीच लिहून ठेव.

असाच गुपचूप घोळ डेटा टाइपचा. पब्लिशरने दर "250" असा स्ट्रिंग म्हणून पाठवला, तर जेएमएस (जावाचं मेसेजिंग) सिलेक्टरमध्ये, म्हणजे मेसेज गाळणाऱ्या अटीत, ‘दर > 200’ खरं ठरत नाही. शिवाय तो सिलेक्टर हेडर आणि प्रॉपर्टीच बघतो, बॉडी नाही. रॅबिटएमक्यू या मेसेज ब्रोकरमध्ये कुठल्याच क्यूशी (मेसेजच्या रांगेशी) न जुळलेला मेसेज एरवी सरळ टाकून दिला जातो. तो परत हवा असेल तर पाठवताना मँडेटरी फ्लॅग लावायचा.

एक्सएमएलच्या वाटेला वेळ उरला तरच जा. तिथे वायफिल्टर या फिल्टरिंग सिस्टिमची कल्पना बघ: सगळे एक्सपाथ (एक्सएमएलमधला भाग शोधायच्या वाटा) एकाच ऑटोमेटामध्ये (स्थिती बदलत जाणाऱ्या यंत्रात) गुंफले, की त्यांची सामाईक सुरुवात एकदाच तपासावी लागते.

रेझ्युमेत विषयाचं भारदस्त नाव वर नको. दोन्ही पद्धतींचे आकडे आणि सबस्क्रिप्शन काढतानाची ती टेस्ट वर घाल. मुलाखत घेणारा बहुधा तिथूनच विचारायला लागेल.