जुनं एक्सपी, नवा लॅपटॉप आणि हिरवं कासव

प्रश्न: सर, मिरजेत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, असली कामं. वीस वर्षांचं सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे आणि फॉण्ट सगळे युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीच्या, आधीचे. विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर आता दिवसातून दोनदा मान टाकतो. मुलाने नवीन लॅपटॉप आणला, विंडोज ११ होम. दुकानदार म्हणतो त्यात जुनं एक्सपी चालवायला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर लागतो, आणि ते होमवर चालतच नाही, प्रो घ्या. घेऊ का?

उत्तर: थांबा, पैसे घालवू नका. दुकानदाराचं अर्धंच बरोबर आहे. व्हर्च्युअल मशीन चालवायचं विंडोजचं स्वतःचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, होममधे येत नाही, ते प्रोमधे येतं, पण व्हर्च्युअल मशीन म्हणजे फक्त हायपर-व्ही असं थोडंच आहे. व्हर्च्युअलबॉक्स नावाचं तसंच दुसरं सॉफ्टवेअर होमवर मस्त चालतं आणि फुकट आहे. त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोसुद्धा नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही फुकट झालंय, पण मी तुम्हाला व्हर्च्युअलबॉक्सच सांगेन, डाउनलोड करताना खात्याची भानगड नाही. फक्त एक, त्याच्यासोबत एक्स्टेन्शन पॅक म्हणून वेगळी फाइल दिसेल, ती घेऊ नका, ती घरगुती किंवा शिक्षणाच्या वापरालाच फुकट आहे आणि तुमचा तर छापखाना, शिवाय तुम्हाला तिची गरजही नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे सीपीयूवर क्लिक करा, खाली व्हर्च्युअलायझेशनपुढे एनेबल्ड लिहिलेलं पाहिजे. नसेल तर बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमधे, जाऊन चालू करायचं, इंटेलवर ते व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी नावाने असतं आणि एएमडीवर एसव्हीएम नावाने, आणि हे एसव्हीएम कुणाच्या डोळ्यांना पटकन दिसत नाही.

मग नवीन मशीन बनवताना यादीतून विंडोज एक्सपी ३२ बिटच निवडा. हे महत्त्वाचं आहे कारण त्यावरून व्हर्च्युअलबॉक्स हार्डडिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडतं, दुसरं काही निवडलं तर नव्या साटा पद्धतीने जोडलं जातं आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नसतो, मग निळा स्क्रीन येतो आणि माणूस म्हणतो सीडी खराब आहे. एक जीबी रॅम आणि वीस जीबी डिस्क एक्सपीला भरपूर झाली. लायसन्सचं बघा मात्र, जुन्या कॉम्प्युटरसोबत आलेलं एक्सपी बऱ्याचदा त्या मशीनपुरतंच असतं, ते दुसरीकडे टाकायची परवानगी नसते.

आणि इंटरनेट तोडून टाका, सेटिंगमधे नेटवर्कची खूण काढली की झालं. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झालेत, पत्रिका लावायला नेट लागतं कशाला? पेजमेकर आणि फॉण्ट नीट बसले की एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या, उद्या काही बिघडलं तर दोन मिनिटांत परत त्याच जागी. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही हं! लॅपटॉपची डिस्क गेली की तोही गेला, म्हणून मशीन बंद करून त्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवत जा.

प्रश्न: माझ्या जुन्या मराठी फॉण्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्ली, लागतं. ते आत दिसेल का?

उत्तर: यूएसबीचं असेल तर बहुतेक दिसेल, डिव्हायसेस मेनूतल्या यूएसबीमधे जाऊन त्याच्यावर टिक करा. यूएसबी ३ ठेवू नका, एक्सपीला ते कळत नाही, १.१ किंवा २ ठेवा. प्रिंटरच्या मागे लावायचं जुनं लांबडं डोंगल असेल तर त्यात वेळ घालवण्यापेक्षा सॉफ्टवेअरवाल्यालाच यूएसबीवालं मिळतं का विचारा.

प्रश्न: व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव येतं आणि सगळं हळू चालतं. व्हायरस आहे का?

उत्तर: नाही हो, ते कासव व्हर्च्युअलबॉक्सनेच ठेवलंय! याचा अर्थ विंडोजचं हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा खालचा थर, आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागून काम करावं लागतंय. गंमत बघा, होममधे हायपर-व्ही मिळत नाही म्हणतात पण त्याचा खालचा भाग असतोच, मेमरी इंटेग्रिटी नावाची विंडोजची सुरक्षा चालू असली की तो जागा होतो. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे ते बंद होतं, मग रीस्टार्ट. पण ते सुरक्षेसाठी आहे, तेव्हा काम निभत असेल तर राहू द्या कासव. अगदीच सहन होत नसेल तरच बंद करा, आणि तरी कासव गेलं नाही तर विंडोज फीचर्समधे व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर टिक आहे का तेवढं बघा.