लटकनांचा धंदा करणार असशील तर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. साठवलेले सगळे पैसे नकली लबूबू बाहुल्यांच्या पेटीत घालायचे आणि त्या बाहुल्या नवरात्राआधी बॅगेची लटकनं म्हणून विकायच्या, असा तुझा बेत दिसतो. लटकनांचा धंदा जरूर कर, मला आनंदच आहे. त्या पेटीला मात्र हात लावू नकोस.

लबूबू म्हणजे दात विचकणारा केसाळ राक्षस, तो काढला कासिंग लुंग या चित्रकारानं, २०१५ मध्ये. २०१९ पासून पॉप मार्ट ही चिनी कंपनी त्याच्या बाहुल्या बनवते आणि २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या गायिका लिसाकडे तो दिसल्यावर जगभर झुंबड उडाली. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत कंपनीच्या उत्पन्नातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा लबूबू आणि त्याच्या भाईबंदांचाच होता. पण ही कमाई बंद डब्याची आहे. आत कोणता रंग निघेल, एखादा दुर्मीळ निघेल का, या आशेवर लोक पैसे टाकतात. नकली मालात ती आशाच नाही. खऱ्या लबूबूला नऊ दात असतात हे शाळेतल्या पोरींनाही पाठ आहे. तुझ्या टेबलापाशी उभ्या राहून त्या दात मोजतील आणि पुढे जातील. शिवाय दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचा नकली माल विकणं हा गुन्हा आहे. आणि मऊ बाहुली कोणी खेळणं म्हणून पोराच्या हातात दिली तर आयएसआय चिन्हाचा प्रश्न येतो. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

मग विकायचं काय? ज्यांनी या धंद्यात पैसा केला त्यांच्याकडे बघ. कोपनहेगनची पँडोरा ही दागिन्यांची कंपनी १९८२ ची, पण तिचं नाव झालं २००० साली आलेल्या ब्रेसलेटमुळे. ब्रेसलेट एकदा घ्यायचं आणि वाढदिवसाला, निकालाला, बाळ झालं म्हणून एकेक मणी चढवत जायचा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या शेरी श्मेल्झर या गृहिणीनं मुलांच्या क्रॉक्स चपलांच्या भोकांत बटणं-फुलं अडकवली, त्याचं जिबिट्झ झालं आणि पुढच्याच वर्षी क्रॉक्सनं ते एक कोटी डॉलरना विकत घेतलं. जेन बर्किन ही नटी-गायिका, जिच्या नावानं बर्किन बॅग निघाली, ती तर आपल्या महागड्या बॅगेला माळा, मणी, काय काय लटकवायची. तिची पहिली बर्किन बॅग २०२५ च्या जुलैत पॅरिसला लिलावात गेली, तेव्हा पट्ट्याला नखं कापायचं नेलकटर तसंच होतं. किंमत आली शुल्कासकट सुमारे ८६ लाख युरो!

यांच्याकडे गिऱ्हाइकाला स्वतः भरायला जागा मिळते. तुझ्या टेबलावरही तेच झालं पाहिजे. तयार लटकन थोडीच ठेव. साध्या साखळ्या आणि हूक एका बाजूला, सुटे तुकडे वाट्यांमध्ये, आणि जोडून द्यायला तू समोर. साखळीवर नफा अगदी बेताचा घे, तुकड्यांवर कमव. पोरगी चार वाट्या उलट्यापालट्या करते, मैत्रिणीला विचारते, एक तुकडा परत ठेवते, दुसरा उचलते. तेवढा वेळ तिला दे, घाई करू नकोस. स्वतः निवडलेल्या वस्तूबद्दल ती सहसा भाव करत नाही, हे मी दुकानात वर्षानुवर्षं बघते आहे.

तुकडे कुठून आणायचे? आपल्या बडोद्याच्या नवा बाजारात चणियाचोळीची लटकनं जोडीनं मिळतात: आरसे, कवड्या, गोंडे, घुंगरू. एक जोडी सोडवलीस की दोन बॅगांचं काम होतं. खंबायत लांब नाही, तिथल्या अकीकाचे मणी हातात घेतले की वजन जाणवतं, प्लॅस्टिकला ते कुठून येणार? आणि आपल्या गावात १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे. तिथल्या मुलांना नमुने करायला सांग: मांडवीचा दरवाजा, वडाचं पान, सेव-उसळीची इवलीशी डिश. असलं लटकन पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली बडोद्याची पोरगी दिसताक्षणी उचलेल. इंग्रजी अक्षरांचं मिश्र पाकीट घेऊ नकोस. आपल्याकडच्या मुलींची निम्मी नावं ए वर संपतात. ए पहिल्या आठवड्यात खलास होतो आणि क्यू, एक्स वर्षभर तुझ्याकडे बघत बसतात. सुटी अक्षरं घे, आणि देवनागरी व गुजराती अक्षरं करून घेता आली तर फारच छान.

आता तुकडा साखळीला जोडायच्या कडीबद्दल, कारण सगळी अब्रू तिच्यावर आहे. कडी स्टीलची घे, जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेली नको; घामानं ती काळी पडते, आणि ब्रेसलेटमध्ये गेली तर काहींना निकेलची खाज सुटते. उघडताना दोन्ही टोकं फाकवायची नाहीत. दोन चपट्या पकडी घे, एक टोक पुढे आणि दुसरं मागे पिळ. बंद करताना टोकं एकमेकांना घासून थोडी पलीकडे जाऊ दे, मग सरळ रेषेत आण. वरून नख फिरव, कुठे अडकता कामा नये. फट राहिली तर आधी ओढणीचा धागा अडकतो, मग तिसऱ्या फेरीला लटकन गरब्याच्या मैदानात. निसटलेली कडी फुकट बसवून द्यायची, कधी घेतलं होतं ते विचारायचं नाही.

लिप बामचं तू लिहिलंस. त्यात दम आहे. ऱ्होड या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं २०२४ मध्ये लिप टिंट अडकवायची जागा असलेलं मोबाइल कव्हर काढलं, आणि पर्सच्या तळाशी पडून असणारी नळी रस्त्यात दिसू लागली. तू घरी बाम बनवून लटकवायच्या फंदात पडू नकोस. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो. बाजारच्या बामला बसेल अशी खणाची किंवा बांधणीची पिशवी शिव आणि तिला हूक लाव. बाम तिचा, पिशवी तुझी.

पैसे सगळे एकदम घालू नकोस. निम्म्यात पहिला माल भर, आणि कुठली वाटी आधी रिकामी होते ते वहीत रोज लिही. पितृपक्षात आपली मंडळी नवीन काही घ्यायला बिचकतात, पण गरब्याची खरेदी त्याच दिवसांत जोरात असते. तेव्हा टेबल गणपती बसायच्या आधीच लागलं पाहिजे. रविवारी सकाळी दुकानात ये, माझ्या जुन्या पकडी काढून ठेवते.

तुझी,
मावशी