जुने जपानी गेम इंग्रजीत येतील का?

प्रश्न : ‘लिव्ह अ लिव्ह’ हा मूळचा १९९४ सालचा जपानी गेम नुकताच इंग्रजीत खेळलो आणि फार आवडला. जपानबाहेर कधीच न आलेले असे पुष्कळ गेम आहेत, असे समजते. तेही अधिकृत इंग्रजी भाषांतरासह पुन्हा प्रकाशित होतील, अशी आशा धरावी का? आणि इतकी वर्षे ते अडले कशामुळे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आशा जरूर धरावी, पण सरसकट सगळ्यांची नव्हे. ‘सेकेन देन्सेत्सू ३’ हा १९९५ सालचा गेम ‘ट्रायल्स ऑफ माना’ या नावाने इंग्रजीत यायला जून २०१९ उजाडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘रोमान्सिंग सागा ३’ आला, तोही मूळ १९९५ सालचाच. त्यानंतर २०२० साली ‘मून’, २०२१ साली निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम डिटेक्टिव्ह क्लब’ मालिकेतील दोन गुन्हेशोधकथा आणि २०२२ साली आपण खेळलात तो ‘लिव्ह अ लिव्ह’, अशी ही रांग लागली. पाव शतक बंद राहिलेली दारे इतक्या थोड्या काळात एकापाठोपाठ उघडली, ही गोष्ट लहान नाही.

मात्र यांतील बहुतेक गेमचे नशीब केवळ गुणवत्तेमुळे उघडले, असे मला वाटत नाही. ‘ट्रायल्स ऑफ माना’ची त्रिमितीय नवी आवृत्ती तयार होत होती, त्यामुळे तिच्याआधी मूळ गेमही लोकांसमोर आणणे स्क्वेअर एनिक्स या त्याच्या प्रकाशक कंपनीला सोयीचे होते. ‘लिव्ह अ लिव्ह’च्या बाबतीत मूळ दिग्दर्शक ताकाशी तोकिता तेव्हाही त्याच कंपनीत होते, आणि जुन्या ठिपक्यांच्या चित्रांना नवी खोली देणारी जी शैली ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ने २०१८ साली लोकप्रिय केली होती, तीही हाताशी होती. म्हणून एखादा जुना गेम परत येईल का, याचा अंदाज बांधताना मी आधी एवढेच पाहतो की, त्या कंपनीला आज त्याचा काही उपयोग आहे का. मालिका चालू असेल, नवा भाग येऊ घातला असेल किंवा मूळ मंडळींपैकी कोणी आग्रह धरणारे आत असेल, तर शक्यता बरीच वाढते.

भाषांतराचे काम अवघड असते म्हणून गेम अडतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. शिगेसातो इतोई यांच्या ‘मदर’ या १९८९ सालच्या गेमचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. निन्टेन्डोने १९९० सालीच त्याची इंग्रजी आवृत्ती पूर्ण तयार करून ठेवली होती. पण तोवर नवे कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, दाराशी येऊन ठेपले होते आणि जुन्या यंत्रासाठी हा गेम विकण्याचा बेत बारगळला. त्या आवृत्तीचे एक नमुना कार्ट्रिज (गेम साठवलेली, यंत्रात बसवायची डबी) पुढे संग्राहकांच्या हाती पडले आणि त्यातील मजकूर चाहत्यांत पसरला, तरी अधिकृत प्रकाशन झाले ते थेट जून २०१५ मध्ये, ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ या नावाने. भाषांतर तयार असूनही पंचवीस वर्षे गेली, यावरून खरी अडचण बाजाराच्या वेळेची होती हे उघड आहे. ‘मदर ३’चीही गत तीच. गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्राचे दिवस भरत आले असताना, २००६ साली तो जपानमध्ये आला आणि तिथेच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निन्टेन्डोच्या वर्गणीच्या सेवेवर पुन्हा उपलब्ध झाला, पण पुन्हा केवळ जपानी ग्राहकांना. त्यामुळे त्याच्याविषयी मी फारसा आशावादी नाही.

याउलट, जिथे मजकूरच डोंगराएवढा आहे तिथे भाषांतर हाच खरा अडसर ठरतो. निहोन फाल्कॉम या कंपनीच्या ‘ट्रेल्स’ मालिकेत रस्त्यावरचा प्रत्येक दुकानदारसुद्धा कथेच्या प्रत्येक टप्प्यावर नवे काहीतरी बोलतो. ‘ट्रेल्स इन द स्काय’चा दुसरा भाग जपानमध्ये २००६ साली आला आणि इंग्रजीत यायला २०१५ साल लागले. त्याच मालिकेतील ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’ व ‘ट्रेल्स टू अझ्युअर’ हे अनुक्रमे २०१० व २०११ सालचे भाग तर प्रकाशकांनी जवळजवळ सोडूनच दिले होते. ‘जिओफ्रंट’ नावाच्या चाहत्यांच्या गटाने त्यांचे भाषांतर इतके नेटके केले की, एनआयएस अमेरिका या प्रकाशकाने तेच अधिकृतपणे स्वीकारले आणि २०२२ व २०२३ साली दोन्ही गेम बाजारात आणले. माझ्या मते हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, आणि तो इतर कंपन्यांनी इतका थोडा अनुसरावा याचे नवल वाटते.

हक्कांचा गुंता ही तिसरी गोष्ट. खुद्द ‘लिव्ह अ लिव्ह’मधील पात्रे ‘डिटेक्टिव्ह कोनान’चे कर्ते गोशो आओयामा यांच्यासह सात वेगवेगळ्या मांगा (जपानी चित्रकथा) चित्रकारांनी रेखाटली होती, नव्या आवृत्तीत ती नाओकी इकुशिमा यांनी नव्याने काढली. ज्या गेममध्ये एखादी मांगा मालिका, खरे खेळाडू किंवा विकत घेतलेली गाणी आहेत, त्यांचे करार संपलेले असतात आणि ते नव्याने करण्याइतकी विक्री होईल याची खात्री कोणालाच नसते. अशा गेमची वाट न पाहणे बरे.

जो गेम येईल तो लगेच घ्यावा, असेही सुचवतो. १९९० सालचा पहिला ‘फायर एम्ब्लेम’ डिसेंबर २०२० मध्ये प्रथमच इंग्रजीत आला आणि ३१ मार्च २०२१ रोजी त्याची विक्री बंदही झाली. या अट्टहासाचे समर्थन मला तरी करता येत नाही.

प्रश्न : चाहत्यांनी केलेली भाषांतरे वापरणे योग्य आहे का? त्यांच्यामुळे अधिकृत भाषांतर येण्याची शक्यता कमी होते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. ‘ट्रायल्स ऑफ माना’ आणि ‘एस अटर्नी इन्व्हेस्टिगेशन्स २’ या दोन्ही गेमची चाहत्यांची भाषांतरे अनेक वर्षे फिरत होती, तरी त्यांच्या अधिकृत आवृत्त्या २०१९ व २०२४ साली आल्याच. पहिल्या भागाविषयी सांगायचे, तर चाहते बहुधा मूळ गेम न देता फक्त त्यावर चढवायचे पॅच, म्हणजे मजकूर बदलणारी छोटी फाइल, देतात आणि मूळ प्रत आपली असावी अशी अपेक्षा ठेवतात. तरीही कायद्याच्या दृष्टीने परवानगीशिवाय केलेले भाषांतर निर्धोक नसते. जपानमध्ये कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीवरील हक्क प्रकाशनापासून सत्तर वर्षे टिकतो, म्हणजे १९९० सालचा गेम २०६० सालापर्यंत मोकळा होत नाही. अधिकृत आवृत्ती विकत मिळत असेल तर ती घ्यावी. मिळतच नसेल तर निर्णय आपला.

प्रश्न : हे गेम हिंदीत किंवा मराठीत कधी येतील? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : वर उल्लेख केलेल्यांपैकी एकही गेम हिंदीत वा मराठीत नाही, आणि नजीकच्या काळात तसे काही दिसत नाही. हौशी मंडळींनी प्रयत्न करायचा म्हटला, तरी फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या काळातील गेममध्ये अक्षरे आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेली असतात. तेवढ्या जागेत वेलांटी, रफार, उकार आणि जोडाक्षरे वाचता येतील अशी बसवणे जवळपास अशक्य आहे, त्यामुळे अक्षरे दाखवण्याची मूळ व्यवस्थाच बदलावी लागेल. पुढच्या काळातील संगणकावरचे गेम त्या मानाने सोयीचे आहेत. तोवर इंग्रजी आवृत्त्यांसाठी आपल्याकडे स्टीम हे संगणकावरील गेमचे ऑनलाइन दुकान हाच सोपा मार्ग होय. ‘लिव्ह अ लिव्ह’, ‘मून’ आणि ‘ट्रेल्स’चे ते दोन्ही भाग तिथे आहेत.