चौसष्ट घरं आणि एक धक्का

प्रिय मैत्रिणी,

तुझा गेम दोन रात्री खेळले. चित्रं फार सुंदर आहेत. पण सातव्या लेव्हलला माझा सैनिक सलग तीनदा नेम चुकून मेला आणि चौथ्यांदा अगदी त्याच चाली खेळून मी जिंकले. आनंद झाला नाही, कारण त्या जिंकण्यात माझं काहीच नव्हतं. आज तेवढ्यावरच लिहिते.

आधी 'इन्टू द ब्रीच' खेळ. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांच्या सबसेट गेम्सचा. २०१२ मध्ये त्यांचा 'एफटीएल' हा अंतराळयानाचा गेम आला, २०१८ मध्ये हा. पट बुद्धिबळासारखा ८ बाय ८. तुझ्याकडे तीन अजस्र यंत्रं, समोर जमिनीतून वर येणारे वेक नावाचे राक्षसी किडे, मध्ये माणसांनी भरलेल्या इमारती. किडे आपला हल्ला आधी दाखवतात: कोण, कुठल्या घरावर, किती जोराने, कितव्या क्रमाने. मग तुझी पाळी. तुझा नेम कधीच चुकत नाही. हल्ल्यात नशिबाला जागा आहे ती फक्त तुझ्या बाजूने: मार बसलेली इमारत क्वचित तगून जाते.

आता ही स्थिती बघ. एक किडा इमारतीला चावणार आहे. त्याची ताकद ३, तुझा ठोसा २ चा. तो मरणार नाही, म्हणजे इमारत गेलीच असं वाटतं. पण बाजूने मारलेल्या ठोशाने तो एक घर पलीकडेही सरकतो आणि त्याचा हल्ला त्याच्यासोबत सरकतो. आता त्याच्यासमोर इमारत नाही, त्याचाच जातभाई आहे. किंवा तोफेचा गोळा दोन किड्यांमधल्या रिकाम्या घरात टाक. लागणार कुणालाच नाही, पण दोघे दोन बाजूंना ढकलले जातील आणि एकामागे पाणी असेल तर तो बुडेल. रिकाम्या जागी गोळा टाकायचं सुचतं ना, तो क्षण मला या गेममध्ये सगळ्यात प्रिय आहे.

हे आपल्या लोकलच्या लेडीज डब्यासारखंच: 'जरा सरकून घ्या' म्हटलं की तिघी चार-चार बोटं सरकतात आणि चौथीला टेकता येतं. बाक तेवढाच असतो. मी हा गेम ठाणे-दादर फास्टमध्ये उभ्यानेच खेळते (२०२२ मध्ये तो मोबाइलवरही आला). लढाई बहुतेक पाचेक पाळ्यांची, पण एकदा एकाच पाळीत मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत अडकले होते. तिन्ही यंत्रांच्या चाली मनात उलटसुलट लावत होते. कुर्ल्याला क्रम बदलला आणि सुटलं. नसतं सुटलं तरी चूक कुठे झाली ते मला दाखवता आलं असतं. तुझ्या सातव्या लेव्हलला ते येत नाही.

म्हणून नेम लागण्या-चुकण्याची टक्केवारी काढून टाक. सगळी. शत्रू कुठे मारणार ते दाखवणारा बाण पटावर आधी दिसू दे. आकडे इतके लहान ठेव की बोटांवर मोजता येतील. तुझी चौदा शस्त्रं मला आवडली, तरी परिणाम पटावर नीट दाखवता येणार नाही ते प्रत्येक शस्त्र जाऊ दे. वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. डेव्हिस यांनी २०१९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हेच सांगितलं होतं: स्पष्टतेच्या आड आलेल्या छान छान कल्पना त्यांनीही सोडल्या. आणि तुझं ते चुंबकाचं शस्त्र मात्र अजिबात काढू नकोस, त्यात फार ताकद आहे.

कोडिंग आत्ता बंद ठेव. रविवारी दुपारी ठाण्याला ये. पुठ्ठ्यावर ८ बाय ८ चा पट आखून ठेवते, घरातल्या ल्यूडोच्या सोंगट्या घेऊन ये. सातवी लेव्हल आधी हाताने खेळू. किडे मी होते.

तुझी,
ताई